नगरीची वही आणि घरची टोपली

आमच्या घरीं जमाखर्चाची वही लिहिण्याचा परिपाठ तीन पिढ्यांचा आहे. आजोबांच्या काळीं ती लाल कापडांत बांधलेली असे. वडिलांनीं ती साध्या वहींत उतरविली. आणि आज ती माझ्या वहिनीच्या हातीं आहे. दूध, भाजी, विजेचें बिल, मुलांची फी, पाहुण्यारावळ्यांचा खर्च, सर्व कांहीं तींत रोजच्या रोज टिपलेलें असतें. गेल्या उन्हाळ्यांत एका संध्याकाळीं माझ्या धाकट्या पुतण्यानें ती वही चाळतां चाळतां सहज विचारलें, “आई, घरांत काय आलें तें सगळें हींत आहे, पण घरांतून बाहेर काय गेलें, तें कोठें लिहिलें आहे?” वहिनी हंसली, परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. केराची टोपली, सांडपाणी, मोटारीचा धूर, आपल्या दिव्यापंख्यांसाठीं दूर कोठें तरी जळलेला कोळसा, यांची नोंद आपण ठेवीत नाहीं. उंबरठ्याबाहेर गेलें म्हणजे संपलें, अशी आपली समजूत.

मुंबई महानगरपालिकेनें गेल्या कांहीं वर्षांत नेमकी ही दुसऱ्या बाजूची वही उघडली आहे. दिनांक १३ मार्च २०२२ रोजीं तिनें ‘मुंबई हवामान कृति आराखडा’ प्रसिद्ध केला, आणि २०२४ सालच्या जून महिन्यांत त्याच्या जोडीला आपलें पहिलें ‘हवामान अंदाजपत्रक’ मांडलें. हीं नांवें ऐकून सामान्य गृहस्थास वाटेल कीं, हा शास्त्रज्ञांचा व अधिकाऱ्यांचा प्रांत. आपला यांत काय संबंध? या लेखाचा हेतु एवढाच कीं, तो संबंध किती निकटचा आहे हें दाखवावें, महापालिकेच्या पदरीं जें श्रेय आहे तें मोकळ्या मनानें द्यावें, आणि जेथें वहींत आंकडा आहे पण कृति तोकडी आहे, तेथें बोटहि ठेवावें.

वहीचें पहिलें पान

कोणत्याहि संसारास शिस्त लावावयाची म्हणजे आहे ती स्थिति प्रथम कागदावर मांडावी लागते. महापालिकेनें २०१९ हें वर्ष पायाभूत धरून शहरांतून निघणाऱ्या हरितगृह वायूंची मोजदाद केली. कार्बन डायऑक्साइड, मिथेन इत्यादि हे वायु सूर्याची उष्णता पृथ्वीपर्यंत येऊं देतात, परंतु परत जाऊं पाहणारी उष्णता पांघरुणाप्रमाणें अडवून धरतात. पांघरूण जितकें जाड, तितकी आंतली ऊब अधिक. या मोजणींत असें दिसून आलें कीं, मुंबईनें त्या एका वर्षांत सुमारें २ कोटि ३४ लक्ष टन कार्बन डायऑक्साइडइतका भार हवेंत सोडला. म्हणजे माणशीं सुमारें १.८ टन. त्यांपैकीं ७२ टक्के वांटा घरें, कचेऱ्या, दुकानें व कारखाने यांना लागणाऱ्या ऊर्जेचा, २० टक्के वाहतुकीचा आणि ८ टक्के कचऱ्याचा होता.

माणशीं १.८ टन हा आंकडा युरोप-अमेरिकेंतील बहुतेक शहरांच्या मानानें लहान आहे, हें खरें. पण सरासरी ही फसवी चीज आहे. ज्या घरांत खोलीखोलीला वातानुकूलनाचें यंत्र आहे आणि दारांत दोन मोटारी उभ्या आहेत तें घर, आणि एका खोलींत सात माणसें राहतात तें धारावींतील घर, हीं दोन्हीं या सरासरींत शेजारीं शेजारीं बसलेलीं असतात. पंक्ति एक, पण पानांत वाढलेलें निराळें.

आराखड्याचें उद्दिष्ट असें कीं, २०३० पर्यंत हा भार ३० टक्क्यांनीं व २०४० पर्यंत ४४ टक्क्यांनीं कमी करावा, आणि २०५० सालीं ‘निव्वळ शून्य’ गांठावें. म्हणजे जेवढा वायु सुटेल तेवढाच झाडांकडून व अन्य उपायांनीं शोषला जावा. भारत सरकारनें देशासाठीं हीच मुदत २०७० ची ठरविली आहे. तेव्हां मुंबईनें स्वतःस वीस वर्षें अलीकडची तारीख घालून घेतली, ही गोष्ट लहान नव्हे. ऊर्जा व इमारती, वाहतूक, कचरा, वृक्षराजि व जीववैविध्य, हवेची शुद्धता, पूर व पाणी, अशीं सहा क्षेत्रें आराखड्यानें आंखलीं आहेत. १९७३ ते २०२० या काळांत शहराचें तपमान दर दहा वर्षांस सरासरी पाव अंश सेल्सियस या गतीनें वाढत गेल्याची नोंदहि त्यांत आहे. पाव अंश ऐकावयास थोडा वाटतो. परंतु अंगांत ताप एक अंशानें चढला तर घरांत किती धांवपळ होते, हें आईस विचारावें.

पाणी आणण्याची व पाणी घालविण्याची चिंता

पाण्याचा विचार मुंबईस नवा नाहीं. १८६० सालीं विहारचा तलाव पुरा झाला. पुढें १८७९ सालीं तुळशीचा व १८९२ सालीं तानशाचा. आज शहराचें बहुतेक पाणी वैतरणा, भातसा इत्यादि जलाशयांतून फार दूरवरून येतें आणि नळ सोडतांच घरांत पडतें. पाणी आणण्याची चिंता ज्या शहरानें एवढ्या दूरदृष्टीनें वाहिली, त्यानें पाणी घालविण्याची चिंता मात्र तितकीशी वाहिली नाहीं; आणि त्याचें प्रायश्चित्त २६ जुलै २००५ रोजीं घ्यावें लागलें.

त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आणि त्याच शहराच्या दक्षिण टोकास, कुलाब्याला, अवघा ७४ मिलिमीटरांच्या आसपास. शहरांत शेंकडों माणसें दगावलीं. आमचे वडीलबंधु कचेरींतून निघाले ते दुसऱ्या दिवशीं दुपारीं छातीपर्यंत चिखलानें माखून घरीं पोंचले. तोंवर घरांत कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. हा अनुभव घरोघरचा आहे, म्हणून अधिक सांगत नाहीं.

एकट्या त्या पावसाचें खापर हवामानबदलावर फोडणें शास्त्रास धरून होणार नाहीं. पण हवा एक अंशानें तापली तर तिच्यांत सुमारें सात टक्के अधिक बाष्प मावतें, आणि तें उतरतें तेव्हां धारा थोड्या वेळांत व जोरानें कोसळतात, हें पदार्थविज्ञान आहे. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोहि ओहोटीच्या वेळीं, एवढ्याच हिशेबानें बांधलेल्या होत्या. ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरवर न्यावी, असें १९९३ सालच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या अहवालानें सांगितलें होतें. त्यावर पुरेसें काम होण्यापूर्वीं बारा वर्षें उलटलीं आणि पूर आला. पुढें ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या सत्यशोधन समितीनें २००६ सालीं अहवाल दिला, आणि कामाला गति आली.

येथें महापालिकेचें श्रेय नाकारतां येणार नाहीं. भरतीच्या वेळीं शहरांतील पाणी समुद्रांत उचलून टाकणारीं उदंचन केंद्रें हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथें उभीं राहिलीं. हिंदमाताच्या खोलगट भागांत पावसाचें पाणी तात्पुरतें सांठवून मागाहून सोडण्यासाठीं उद्यानाच्या व मैदानाच्या पोटांत मोठ्या भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या. पूर्वीं जेथें पाणी तासन्‌तास तुंबे, तेथें तें पुष्कळ लवकर ओसरूं लागलें. तथापि २०२५ सालीं मान्सून २६ मे रोजींच शहरांत येऊन ठेपला, पावसाळ्यापूर्वींचीं कामें अर्धवट होतीं, आणि सखल भागांतून पुन्हां पाणी भरलें. निसर्ग आपलें पंचांग बदलूं लागला असतां नालेसफाईची जुनी तारीख धरून चालणें परवडणारें नाहीं.

शिवाय उदंचन केंद्रें व टाक्या हा झाला औषधोपचार. पथ्य निराळेंच आहे. पाणी मुरावयास मोकळी जमीन हवी, नदीनाल्यांना त्यांचें पात्र हवें, खाडीकांठचें तिवरांचें रान हवें, आणि झाडें हवींत. २०२० पासून महापालिकेनें लहान लहान भूखंडांवर मियावाकी पद्धतीचीं दाट वनें लावण्यास आरंभ केला, हें स्वागतार्ह आहे. पण त्याच्या आदल्याच वर्षीं, ऑक्टोबर २०१९ मध्यें, आरे येथील मेट्रो कारशेडसाठीं दोन हजारांहून अधिक वाढलेलीं झाडें एक-दोन दिवसांत तोडलीं गेलीं; आणि त्या तोडीस परवानगी देणारें वृक्ष प्राधिकरण महापालिकेचेंच होतें. एका हातानें रोप लावावें आणि दुसऱ्या हातानें वडाचें खोड कापावें, हा व्यवहार कोणत्या वहींत जमेच्या बाजूस लिहावा?

दिवा येथें, धूर तेथें

आतां ७२ टक्क्यांकडे वळूं. हा सर्वांत मोठा आंकडा आहे, आणि त्याचें कारण मुख्यतः विजेसाठीं जळणारा कोळसा हें आहे. गंमत अशी कीं, मुंबईची वीज एके काळीं बहुतांशीं पाण्याची होती. टाटांचें खोपोली येथील जलविद्युत्‌केंद्र १९१५ सालीं सुरू झालें. पुढें भिवपुरी व १९२७ सालीं भिरा. सह्याद्रीच्या माथ्यावर अडविलेल्या पाण्यानें येथील गिरण्या चालत. ती वीज धुरावांचून होती. मोलावांचून मात्र नव्हती. मुळशी पेट्यांतील शेतकऱ्यांचीं गांवें व भातखाचरें धरणाखालीं गेलीं, आणि १९२१ सालीं सुरू झालेला सेनापति बापटांचा मुळशी सत्याग्रह महाराष्ट्र विसरलेला नाहीं. शहराचा दिवा लागतो तेव्हां त्याचें मोल बहुधा शहराबाहेर कोणी तरी मोजीत असतें, हा त्या इतिहासाचा बोध आजच्या कोळशालाहि लागू आहे, आणि उद्यां जेथें सौर पत्रे पसरावयाचे त्या माळरानांनाहि लागू राहील.

वीज कशापासून करावी, हें ठरविणें महापालिकेच्या अधिकारांत नाहीं. तो राज्याचा व वीज कंपन्यांचा विषय. तिच्या हातीं आहे तें असें: नव्या इमारतींस परवानगी देतांना त्या थंड राहतील अशा बांधावयास लावणें, आपल्या शाळा, दवाखाने व कचेऱ्या यांच्या गच्च्यांवर सौर पत्रे बसविणें, आणि जेथें पत्र्याच्या छपराखालीं माणसें दुपारीं अक्षरशः भाजतात त्या वस्त्यांत सावली व पाणी पोंचविणें. यांतील शेवटचें काम सर्वांत निकडीचें आहे, आणि तें सर्वांत कमी झालें आहे, असें आमचें मत आहे.

वाहतुकीचीहि कथा अशीच दुपेडी. मुंबईंत विजेवर चालणारी ट्राम १९०७ सालीं आली आणि १९६४ सालीं गेली. १९४७ पासून शहराच्या मालकीचा झालेला ‘बेस्ट’ उपक्रम आज पुन्हां विजेच्या गाड्यांकडे वळला आहे. २०२३ सालीं डिझेलवरील जुन्या दुमजली गाडीस मुंबईकरांनीं हारतुरे घालून निरोप दिला, त्यापूर्वींच विजेवरील दुमजली गाड्या रस्त्यावर आल्या होत्या. हें उत्तम झालें. पण गाडी विजेची झाली तरी ती थांब्यावर वेळेवर यावयास हवी. एके काळीं चार हजारांहून अधिक गाड्या बाळगणाऱ्या बेस्टचा ताफा अलीकडे तीन हजारांच्या आंतबाहेर येऊन ठेपला आहे. त्याच काळांत हजारों कोटि रुपये खर्चून महापालिकेनें सागरी किनारा मार्ग बांधला, व मार्च २०२४ पासून तो टप्प्याटप्प्यानें खुला झाला. त्याचा मुख्य लाभ मोटारवाल्यांस आहे. आराखडा सांगतो, माणसांनीं सार्वजनिक वाहनानें जावें. तिजोरी सांगते, मोटारीनें लवकर जा. घरांत कर्त्या पुरुषाचें बोलणें एक व हात दुसरीकडे असे, तर मुलें कोणाचें ऐकतात, हें सांगावयास नको.

केराची वाट

कचऱ्याचा वांटा ८ टक्के, म्हणून तो गौण समजूं नये. वीज राज्याच्या हातीं, आगगाड्या केंद्राच्या हातीं. पण कचरा हें खातें पूर्णपणें महापालिकेचें व आपलें आहे. येथें दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवावयास जागा नाहीं.

मुंबईंत रोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो, आणि त्यांत निम्म्याहून अधिक भाग ओला, म्हणजे स्वयंपाकघरांतला व मंडईंतला असतो. १९२७ पासून शहरानें आपला केर देवनारच्या क्षेपणभूमींत टाकला. ओला कचरा ढिगाखालीं दडपला गेला कीं त्यास हवा मिळत नाहीं. मग हवेवांचून जगणारे जंतु त्याचें विघटन करतात आणि त्यांतून मिथेन वायु निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबानें हा वायु कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें २८ पट तापदायक आहे. शिवाय तो ज्वालाग्राही आहे. २०१६ च्या जानेवारींत देवनारला लागलेली आग दिवसचे दिवस धुमसत राहिली, तिचा धूर उपग्रहांतूनहि टिपला गेला, आणि जवळपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आम्ही चेंबूरला राहतों. त्या दिवसांत आम्ही खिडक्या लावून घेतल्या आणि हवा बरी नाहीं म्हणून कुरकुर केली. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या मावशी गोवंडीस, ढिगाच्या अगदीं पायथ्याशीं राहत. त्यांच्या झोंपडीस लावण्याजोगी खिडकी नव्हती. मुलाच्या खोकल्यानें त्या तीन दिवस आल्या नाहींत. चौथ्या दिवशीं आल्या त्या नेहमींप्रमाणें आमचीच केराची टोपली उचलून खालीं नेण्यासाठीं. त्या टोपलींत आदल्या दिवशींच्या श्रीखंडाचे डबे, भाजीचीं देंठें आणि वर्तमानपत्र सर्व एकत्र होतें. आमच्या घरीं सोंवळ्याओंवळ्याचा विचार बारकाईनें होत आला आहे. पण घरांतून निघालेलें ओंवळें कोणाच्या दारांत जाऊन पडतें, याचा विचार कधीं कोणीं केला नव्हता. हें लिहितांना लाज वाटते, म्हणूनच लिहीत आहें.

महापालिकेनें येथें पावलें टाकलीं आहेत. गोराईचें जुनें क्षेत्र शास्त्रीय पद्धतीनें झांकून बंद करण्यांत आलें, मुलुंडचें २०१८ सालीं बंद झालें, आणि आतां बहुतेक कचरा कांजूरमार्ग येथें जातो. २ ऑक्टोबर २०१७ पासून असा दंडक आहे कीं, ज्या संकुलाचें क्षेत्र २० हजार चौरस मीटरांहून अधिक आहे किंवा जेथें रोज १०० किलोहून अधिक कचरा निघतो, त्यानें आपला ओला कचरा आपल्याच आवारांत जिरवावा. नियम उत्तम, पाळणारे मात्र अद्याप थोडे. आमची इमारत लहान, म्हणून समितीच्या सभेंत एकमतानें ठरलें कीं, “आपल्याला नियम लागू नाहीं.” या एका वाक्यांत आपल्या सुशिक्षित समाजाचा सारा नागरिकधर्म आला.

तरी वहिनीनें व तळमजल्यावरील एका निवृत्त शिक्षिकाबाईंनीं मागच्या अंगणांत खताचा खड्डा सुरू केला. पहिला प्रयत्न फसला: दुर्गंधि सुटली, अळ्या झाल्या, तक्रारी आल्या, आणि तीन आठवड्यांत खड्डा बुजवावा लागला. मग चूक ध्यानांत आली. नुसत्या ओल्या सालींचा लगदा होतो आणि त्यांत हवा शिरत नाहीं, म्हणजे आंगणांतच एक लहानसें देवनार तयार होतें. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेल्या पाल्याचा जाड थर घातला, आठवड्यांतून दोनदां तें वरखालीं केलें, कीं हवेंत जगणारे जंतु काम करतात; मिथेन होत नाहीं, वास येत नाहीं, आणि दोन-तीन महिन्यांत काळें भुसभुशीत खत हातीं येतें. पाला विकत घ्यावा लागला नाहीं. जो आपण रोज झाडून जाळीत होतों तोच तो. आमच्या आठ माणसांच्या घरचा ओला कचरा एका आठवड्यांत तेरा किलो भरला. तो आतां फाटकाबाहेर जात नाहीं.

याच कामांत पुण्याचें एक उदाहरण मनांत ठेवण्यासारखें आहे. तेथील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ १९९३ सालीं डॉ. बाबा आढाव यांच्या पाठबळानें उभी राहिली, आणि पुढें २००८ सालीं त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेनें पुणें महापालिकेशीं करार करून घरोघरचा वर्गीकृत कचरा गोळा करण्याचें काम अंगावर घेतलें. ज्या भगिनी पूर्वीं उकिरड्यावर कागद वेंचीत, त्या ओळखपत्र लावून मानानें दाराशीं येऊं लागल्या. त्यांच्या कष्टानें जो कागद, जें कांच व जो पत्रा पुन्हां कारखान्यांत जातो, तेवढा कच्चा माल नव्यानें तयार करण्याची ऊर्जा वांचते. यंत्रांची खरेदी म्हणजेच सुधारणा असें मानणाऱ्या नगरपालिकांनीं हा धडा गिरविण्यासारखा आहे. अशा कामांसाठींच महाराष्ट्र शासनानें २०२० सालच्या गांधीजयंतीपासून ‘माझी वसुंधरा’ अभियान चालविलें आहे. त्यांत भूमि, जल, वायु, अग्नि व आकाश या पंचमहाभूतांच्या रकान्यांखालीं नगरपालिकांस व ग्रामपंचायतींस गुण दिले जातात. तेव्हां हा विषय आतां केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाहीं.

वही वाचणार कोण?

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. जून २०२४ मध्यें मांडलेल्या पहिल्या हवामान अंदाजपत्रकांत मुंबई महापालिकेनें असें दाखविलें कीं, २०२४-२५ सालच्या भांडवली खर्चापैकीं सुमारें १० हजार २२४ कोटि रुपये, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के, हवामानाशीं संबंधित कामांवर योजिले आहेत. ही कल्पना नॉर्वेंतील ऑस्लो शहरानें २०१७ च्या वर्षापासून रूढ केली. भारतीय शहरांत मुंबई आघाडीवर आली, याचा अभिमान वाटणें साहजिक आहे. पण हेंहि समजून घ्यावें कीं, या रकमेंत नव्यानें काढलेला पैसा किती आणि जुन्याच कामांना लावलेली नवी चिठ्ठी किती, हें पाहिल्यावांचून आंकड्याचें मोल कळत नाहीं. पर्जन्यवाहिनी काल बांधली तरी पर्जन्यवाहिनी, आज हवामानाच्या नांवें बांधली तरी तीच. नांवाला आमची हरकत नाहीं. मात्र प्रत्येक कामानें वायु किती टनांनीं घटला किंवा किती घरांचा धोका टळला, हा उत्तराचा रकाना भरलेला असावा.

तो रकाना भरून घेणार कोण? येथें एक विचित्र योग घडला. ज्या मार्च २०२२ मध्यें आराखडा प्रसिद्ध झाला, त्याच महिन्यांत निवडून आलेल्या महापालिकेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढें जानेवारी २०२६ मध्यें निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षें सभागृहांत प्रश्न विचारावयास लोकांचा प्रतिनिधीच नव्हता. अधिकारीवर्गांत कर्तृत्व नव्हतें, असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. अंदाजपत्रक याच काळांत मांडलें गेलें. पण ज्या वहीवर घरांतील दुसऱ्या कोणाची नजर पडत नाहीं, तिची बेरीज कितीहि नीटनेटकी असली तरी तिजवर भरंवसा बसत नाहीं. १८८८ च्या महापालिका कायद्यानें या शहरास आपल्या प्रतिनिधींच्या तोंडून हिशेब विचारण्याचा हक्क दिलेला आहे. सर फेरोजशहा मेहतांनीं त्याच हक्कासाठीं आयुष्य वेंचलें, आणि त्यांचा पुतळा आजहि महापालिकेच्या इमारतीसमोर उभा आहे. तो हक्क आपण वापरला नाहीं, तर दोष पुतळ्याचा नव्हे.

म्हणून वाचकांस, व विशेषतः ज्यांच्या हातीं घरची वही आहे त्या भगिनींस, आमची एक सूचना आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकास तीन साधे प्रश्न विचारावे. आमचा ओला कचरा वेगळा दिल्यावर तो पुढें वेगळाच राहतो कीं गाडींत पुन्हां एकत्र होतो? आमच्या प्रभागांत गेल्या वर्षीं किती झाडें तोडलीं, किती लावलीं, आणि लावलेल्यांपैकीं तीन वर्षांनीं किती जिवंत आहेत? हवामानाच्या नांवें मांडलेल्या रकमेपैकीं आमच्या प्रभागांत काय खर्च झालें, व त्यांतील किती पत्र्याच्या घरांपर्यंत पोंचलें? हे प्रश्न राजकारणाचे नाहींत, संसाराचे आहेत. भाजीवालीला दोन रुपयांचा हिशेब विचारतांना आपण भीड धरीत नाहीं. दहा हजार कोटींचा विचारतांनाच ती कां धरावी?

मात्र विचारणाराची टोपली आधीं नीट असावी. वहिनीनें आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन नवे रकाने आंखले आहेत. एकांत विजेचे युनिट, दुसऱ्यांत फाटकाबाहेर गेलेल्या केराचें वजन. लिहिण्याचें काम त्याच धाकट्या पुतण्याकडे आहे. पहिल्या महिन्याची बेरीज येथें छापण्याजोगी नाहीं. दुसऱ्या महिन्याची तिजहून कमी आहे.